मिठाला बाहेरची वाट : नीरेचा कालवा, गोदाकाठ आणि वनस्पतीच्या पेशीतले दार

१/
गंगापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. १९४८ पर्यंत ही नदी दोन राजवटींची सीमा होती. उत्तर काठावरचे गंगापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर समोरच्या काठावरचा नेवासा मुंबई इलाख्याच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात होता. माती मात्र दोन्ही काठांवर एकच होती. खोल, काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवणारी.

२/
या काळ्या जमिनीला विसाव्या शतकात बारमाही पाणी मिळाले. इलाख्याच्या बाजूला ते आधी आले, गंगापूरच्या बाजूला पुष्कळ नंतर. पाण्यामागोमाग एक जुना शत्रूही येतो, तो म्हणजे मीठ. त्याच्याशी झालेल्या झुंजीचा इतिहास दोन ठिकाणी लिहिला गेला आहे. एक दख्खनच्या कालव्यांवर, आणि दुसरा वनस्पतीच्या एकेका पेशीत. पहिला अभियंत्यांनी वाचला, दुसरा रेणुजीवशास्त्रज्ञांनी. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय क्षारपड जमिनीचे कोडे उलगडत नाही.

३/
प्रथम साधा हिशेब. नदीचे गोडे पाणीही पूर्णपणे निर्मळ नसते. खडकांतून विरघळलेले क्षार त्यात असतातच. समजा, एका लिटरमध्ये अवघा अर्धा ग्रॅम क्षार आहे. एक हेक्टर उसाला वर्षभरात २०,००० घनमीटर पाणी दिले, तर त्याबरोबर १० टन क्षार शेतात उतरतो. पाणी पिकाने ओढले किंवा उन्हाने उडाले, तरी क्षार जागेवरच राहतो. पावसाने किंवा निचऱ्याने तो वाहून गेला नाही, तर पुढच्या वर्षी त्यात नवी भर पडते.

४/
हा हिशेब मानवजातीला नवा नाही. थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट ॲडम्स या अभ्यासकांनी १९५८ मध्ये प्राचीन मेसोपोटेमियातील धान्याच्या नोंदी तपासून एक विचार मांडला. दक्षिण मेसोपोटेमियात गव्हाचे प्रमाण शतकानुशतके घटत गेले आणि त्याची जागा खारटपणा अधिक सोसणाऱ्या जवाने घेतली. कालव्यांनी समृद्ध झालेली भूमीच कालव्यांनी खारावली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच्या तपशिलांवर पुढे विद्वानांत मतभेद झाले. परंतु ओलितामागोमाग मीठ येते, हे सूत्र कोणी नाकारले नाही.

५/
महाराष्ट्रात हे सूत्र प्रथम ठळकपणे दिसले ते नीरा खोऱ्यात. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. दुष्काळात होरपळणाऱ्या बारामती परिसराला संरक्षण देणे हा त्याचा मूळ हेतू. पण बारमाही पाणी मिळताच शेतकरी उसाकडे वळला. पाण्याचा भरपूर वापर सुरू झाला, विहिरींची पातळी वर आली आणि काही वर्षांतच सखल शेतांवर पांढरा थर फुटू लागला. ज्या जमिनीवर पहिल्या उसाने विक्रम केले, तिथे उगवणही होईना.

६/
यात काळ्या मातीचा स्वभाव निर्णायक ठरला. तिच्यातील चिकणमाती ओली झाली की फुगते, आणि फुगली की पाणी खाली जाऊ देत नाही. भूजल पृष्ठभागाजवळ आले की उन्हाळ्यात केशाकर्षणाने ते वर चढते. पाणी उडून जाते, मीठ वर साचते. त्यात सोडियमचे प्रमाण वाढले की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, रंध्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. आधी पाणथळ, मग खारवट, शेवटी चोपण. गावोगावच्या शेतकऱ्याला ही उतरंड परिचयाची आहे.

७/
या उतरंडीचा पहिला मोठा शास्त्रीय मागोवा १९१० साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. हेच मान पुढे पिंपळे सौदागर या खेड्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीमुळे प्रसिद्ध झाले. जमिनीचा ऱ्हास आणि शेतकऱ्याचे दारिद्र्य हे विषय त्यांनी एकाच जिज्ञासेने हाताळले.

८/
अभियंत्यांचे उत्तर दोन टप्प्यांत आले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी कालव्यांवर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. पाणी थोड्या शेतांत ओतण्याऐवजी गावोगावच्या ठराविक पट्ट्यांत, पिकांच्या फेरपालटीसह वाटायचे, ही तिची कल्पना. त्यानंतर १९१६ मध्ये मुंबई सरकारने पुण्यात सिंचनाच्या अभ्यासासाठी एक विशेष शाखा उभारली. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था याच रोपट्याचा वृक्ष आहे.

९/
या शाखेशी जोडलेले नाव क्लॉड इंग्लिस यांचे. जमिनीखालची पाणीपातळी सातत्याने मोजायची, ती कुठे आणि का चढते हे नकाशावर पाहायचे, आणि मातीखालच्या मुरमापर्यंत पोहोचणारे चर काढून त्या पाण्याला नाल्यात सोडायचे, ही त्यांच्या कामाची दिशा. दख्खनच्या काळ्या जमिनीचा औषधोपचार पृष्ठभागावर होत नाही, तिच्या तळाशी वाट काढावी लागते, हा धडा इथे पक्का झाला.

१०/
१९३२ मध्ये नीरेजवळ पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी १९३८ मध्ये नीरा उजवा आणि प्रवरा या कालव्यांखालील जमिनींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. प्रवरा म्हणजे गंगापूरसमोर कायगाव-टोक्याजवळ गोदावरीला मिळणारी नदी. कोणत्या मातीला किती पाणी झेपते, कोणती लवकर खारावते, याची समज अशा रीतीने गंगापूरच्या समोरच्या काठापर्यंत येऊन पोहोचली होती.

११/
एक प्रश्न मात्र या पिढीला सुटला नव्हता. पाण्यात उभे असलेले पीक तहानेने का सुकते? खारवट शेतात मुळांभोवती ओल असते, तरी दुपारी पाने माना टाकतात. अभियंत्याला पाणी दिसत होते, रसायनशास्त्रज्ञाला मीठ दिसत होते. या दोहोंमध्ये उभ्या असलेल्या रोपाच्या आत काय घडते, हे दिसायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

१२/
आज ते उत्तर दोन आघातांत सांगितले जाते. पहिला आघात परासरणाचा. पाणी कमी क्षाराकडून अधिक क्षाराकडे जाते. माती खारट झाली की पाण्याला मुळात शिरण्याचे कारणच उरत नाही. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसीमेन प्रति मीटर झाली की जमिनीला ‘खारवट’ म्हणतात. अशा मातीतून पाणी ओढताना रोपाला सुमारे ०.२ मेगापास्कल जादा ओढ लावावी लागते. म्हणजे २० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका अतिरिक्त भार.

१३/
याची जाणीव होताच रोपात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. पर्णरंध्रे मिटतात, पाणी वाचते. पण त्याच रंध्रांतून येणारा कर्बवायूही अडतो आणि वाढ खुंटते. दरम्यान पेशी प्रोलीनसारखे निरुपद्रवी रेणू साठवून स्वतःचा रस दाट करतात, जेणेकरून पाणी पुन्हा आत यावे. रोप जगते, परंतु उत्पन्नाच्या किमतीवर.

१४/
दुसरा आघात सावकाश येतो आणि अधिक घातक असतो. सोडियम आणि पोटॅशियम हे गुणधर्मांनी एकमेकांचे भाऊबंद. पेशीतील अनेक एन्झाइमे पोटॅशियमवर चालतात. सोडियम वाढला की तो पोटॅशियमची जागा अडवतो, पण त्याचे काम करत नाही. सोडियम पानांत साचत जातो, जुनी पाने कडेने करपतात. नवी पाने येण्यापेक्षा जुनी मरण्याचा वेग वाढला की पीक संपले.

१५/
सगळी पिके यात सारखी नसतात. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये जगभरच्या प्रयोगांवरून पिकांच्या सहनशीलतेचा तक्ता केला. अशा तक्त्यांनुसार कापूस ७.७ पर्यंत आणि ज्वारी ६.८ पर्यंत खारटपणा उत्पन्न न घटता सोसते. ऊस १.७ वरच, कांदा १.२ वरच घसरू लागतो. म्हणजे विद्युतवाहकता ४ असताना कापसाला फरक पडत नाही, उसाचे सुमारे १४ टक्के आणि कांद्याचे सुमारे ४५ टक्के उत्पन्न जाते.

१६/
या आकड्यांत एक ऐतिहासिक विसंगती दडलेली आहे. कोरडवाहू दख्खनची जुनी पिके, ज्वारी आणि कापूस, मीठ सोसणारी आहेत. ओलितामुळे आलेली ऊस आणि कांदा ही पिके नाजूक आहेत. म्हणजे कालवा जमिनीत क्षार वाढवतो आणि त्याच वेळी शेतात क्षार न सोसणारे पीक आणून उभे करतो. नीरा खोऱ्यातील हानी इतक्या वेगाने का जाणवली, याचे उत्तर पाण्याइतकेच या पीकबदलात आहे.

१७/
पेशीच्या आतील यंत्रणा उलगडली ती १९९० च्या दशकात, अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातील एका छोट्या तणावर. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात जियान-कांग झू आणि सहकाऱ्यांनी उत्परिवर्तित रोपे उभ्या तबकड्यांत वाढवली, मग ती मिठाच्या माध्यमावर उलटी ठेवली. निरोगी रोपाचे मूळ वळून पुन्हा खाली वाढू लागे. ज्यांचे मूळ वळलेच नाही, ती वेगळी काढली. १९९६ मध्ये अशा अतिसंवेदनशील रोपांतून ‘एसओएस-१’ हे जनुक समोर आले.

१८/
पुढील चार-पाच वर्षांत सारी साखळी जुळली. मीठ वाढले की पेशीरसात कॅल्शियमची लाट उसळते. एसओएस-३ हे प्रथिन ती ओळखते. ते एसओएस-२ या प्रथिनाला जागे करते. एसओएस-२ मग पेशीपटलावरील एसओएस-१ ला कार्यान्वित करते. एसओएस-१ म्हणजे दार. ते एक हायड्रोजन आयन आत घेते आणि एक सोडियम आयन बाहेर लोटते. वर्दी देणारा, हुकूम पोहोचवणारा आणि दार उघडणारा, अशी ही तीन पायऱ्यांची व्यवस्था.

१९/
मुळात मीठ आले हे पेशीला कळते कसे, हा प्रश्न २०१९ पर्यंत अनुत्तरित होता. त्या वर्षी ‘नेचर’मधील संशोधनाने दाखवले की पेशीपटलातील विशिष्ट स्निग्ध रेणूंना सोडियम चिकटतो, आणि त्यामुळेच कॅल्शियमचे मार्ग उघडतात. खारवट पाण्यात कॅल्शियम मिसळले तर रोप अधिक तग धरते, हे १९६९ मध्येच प्रयोगाने दिसले होते. कॅल्शियमचे रोपातील महत्त्व किती खोलवर आहे, हे या साखळीमुळे अधिक स्पष्ट झाले.

२०/
जे मीठ बाहेर जात नाही, ते कोठडीत टाकले जाते. एनएचएक्स-१ हे प्रथिन सोडियमला पेशीतील रिक्तिकेत कोंडते. १९९९ मध्ये एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या गटाने या जनुकाची मात्रा वाढवून मीठ सोसणारी रोपे तयार केली. २००१ मध्ये असा टोमॅटो समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ निम्म्या खारटपणात फळला. सोडियम पानांत साठला, फळांत फारसा उतरला नाही. क्षारपड जमिनींचा प्रश्न आता सुटलाच, असे तेव्हा अनेकांना वाटले.

२१/
तिसरा पहारेकरी भातात सापडला. मुळातून पानाकडे जाणाऱ्या जलवाहिनीतून सोडियम परत ओढून घेणारे एचकेटी कुळातील प्रथिन. चिनी संशोधकांनी २००५ मध्ये त्याचे जनुक शोधले ते ‘नोना बोकरा’ या बंगालच्या खाऱ्या किनाऱ्यावरील पारंपरिक वाणात. प्रयोगशाळेने नाव देण्यापूर्वी कित्येक पिढ्या शेतकरी त्या जनुकाची निवड करत आले होते, केवळ जगलेल्या लोंब्यांचे बी राखून.

२२/
महाराष्ट्राकडेही असा वारसा आहे. कोकणच्या खारजमिनींत ‘काळा राता’, ‘भुरा राता’ ही भाताची वाणे, गोव्याच्या खाजण शेतीत ‘कोरगुट’. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने याच परंपरेवर पुढची वाणे उभी केली. परंतु या शेतीचे रहस्य केवळ बियाण्यात नाही. खारभूमीत बांध आणि उघडीची दारे असतात. भरतीचे पाणी अडवायचे, पावसाने जमीन धुवायची, ओहोटीला खारे पाणी बाहेर सोडायचे. वाणालाही दार आणि शेतालाही दार.

२३/
नेमके हेच नीरेच्या काठी हरवले होते. आणि नेमके इथेच जनुकांच्या आशेची मर्यादा दिसते. एसओएस-१ सोडियम बाहेर टाकते ते मातीतच. एनएचएक्स-१ तो पानात कोंडते, पण दरवर्षी शेतात उतरणाऱ्या टनावारी क्षारापुढे पानांतला साठा नगण्य आहे. शिवाय हे दार फुकट उघडत नाही. हायड्रोजन आयनांचा दाब टिकवायला पेशी सतत ऊर्जा खर्चते, आणि तीच ऊर्जा साखरेत किंवा दाण्यात जायची असते. सहनशील वाण वेळ मिळवून देते. जमिनीतले मीठ मात्र तिथेच राहते.

२४/
आता पुन्हा उत्तर काठावर. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये केली, लोकार्पण इंदिरा गांधी यांच्या हस्ते १९७६ मध्ये झाले. नाथसागराचा फुगवटा गंगापूरच्या शिवारापर्यंत पसरला. धरणाचे कालवे पैठणहून खाली जातात. गंगापूरच्या काठाला पाणी मिळाले ते फुगवट्यावरील उपशाने. पुढे नांदूर मधमेश्वर जलद कालवाही वैजापूर-गंगापूरसाठी आला. कापूस, बाजरी, ज्वारीच्या या मुलखात गोदाकाठी ऊस उभा राहिला.

२५/
म्हणजे नीरा खोऱ्यात १८८५ नंतर जुळलेले घटक इथेही जुळतात : काळी माती, बारमाही पाणी, नाजूक पीक आणि फुगवट्यामुळे उंचावलेली आसपासची पाणीपातळी. फरक एकच, आणि तो मोठा आहे. नीरेच्या शेतकऱ्याला पांढरा थर फुटेपर्यंत काही कळले नव्हते. गंगापूरच्या शेतकऱ्यामागे एका शतकाचे ज्ञान उभे आहे. सिंचन आणि भूमी व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारी ‘वाल्मी’ ही संस्था तर १९८० पासून त्याच्याच जिल्ह्यात आहे.

२६/
त्या ज्ञानाचा क्रम मात्र उलटा करून चालत नाही. आधी माती-पाण्याची तपासणी, मग निचरा, म्हणजे उघडे चर किंवा जमिनीखालच्या सच्छिद्र नळ्या. चोपण जमिनीत जिप्सम, कारण त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरून सोडियमला हुसकावतो. पण निचरा नसेल तर हुसकावलेला सोडियम तिथेच घुटमळतो. ठिबकाने पाणी वाचते, तरी ओलाव्याच्या कडेला क्षार साचतो. तो धुऊन काढावाच लागतो. त्यानंतर सहनशील वाण. पाडेगावचाच ‘फुले २६५’ ऊस अशा जमिनीत तग धरणारा म्हणून ओळखला जातो.

२७/
१९१० च्या पुस्तिकेपासून २०१९ च्या शोधापर्यंतचे अंतर शंभराहून अधिक वर्षांचे आहे. एकीकडे मुरमापर्यंत खणलेले चर, दुसरीकडे डोळ्यांना न दिसणारे प्रथिनांचे दार. सांगणे दोघांचे एकच आहे. मीठ येणारच, जगतो तो, ज्याच्याकडे ते बाहेर घालवण्याची वाट असते. रोपाने ही वाट लक्षावधी वर्षांत घडवली. शेताची वाट माणसानेच खणावी लागते, आणि ती पांढरा थर दिसण्यापूर्वी खणली तरच स्वस्त पडते.